नोकरी गेलेला नवरा, कमावती बायको आणि चारचौघे

भाऊ, तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते. मला काही चुकीचं समजलं असेल तर तुम्हाला तिथंच कळेल.

तुम्ही ३३ वर्षांचे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ८ वर्षं काम केलं, शेवटी जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे, होता. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद झाला. बायको खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, महिन्याला ८-१० नाइट. मुलगी चार वर्षांची. तिची आंघोळ, डबा, बालवाडीला सोडणं-आणणं आणि सकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. संध्याकाळी मोटारसायकलवर पार्सलं पोचवून ५-६ हजार मिळवता. वडील माळकरी, आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिलेले. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या, आता पाठ आणि डोळे दोन्ही साथ देत नाहीत. गेल्या गणपतीत मंडपात लोकांदेखत वडील म्हणाले, "आमच्याकडं सून कमावतीय आन् पोरगं भाकऱ्या थापतंय." तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मित्रही हसतात. आता पुण्यात सिक्युरिटी गार्डची नोकरी चालून आलीय, १७,००० रुपयांची, आणि तुम्ही विचारता, जाऊ का? मग शेवटी, सहज आठवल्यासारखं लिहिलंय: "बायको काही बोलली की हल्ली डोकं फिरतं. माझ्यातच काही कमी आहे का?"

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. घरात पैसा पुरत नाही, हा एक. चारचौघांत मान राहिला नाही, हा दुसरा. राग आवरत नाही, हा तिसरा. पुण्याची नोकरी दिसायला पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण तुम्ही ती दुसऱ्यासाठी घ्यायला निघालात असं मला वाटतं. पगाराबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय आणि मंडपातल्या प्रसंगाबद्दल अख्खा परिच्छेद. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे: पैशाचा प्रश्न पैशाच्या हिशेबानं सोडवा आणि मानाचा प्रश्न ज्या माणसांत निर्माण झाला त्या माणसांत सोडवा. नोकरी घेऊन मान परत मिळवायला गेलेली माणसं मी पाहिलीत. बहुतेकांच्या हाती दोन्हींतलं काहीच लागलं नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. अशोक चौक, दत्तनगर, नीलमनगर, विडी घरकुल, कुंभारीची कामगार वसाहत, अशा भागांतली जोडपी येतात. पुरुष समोर बसले की आधी बायकोच्या तक्रारी सांगतात. उलट बोलते, सारखी माहेरी फोन करते, लेकराकडे लक्ष नाही. नोकरी गेल्याचं तोंडातून निघायला अर्धा तास जातो, कधी दोन भेटी जातात. तुम्ही ते पहिल्याच ओळीत लिहिलं. हे सोपं नसतं, म्हणून मी तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलते.

आधी पैसा, कारण तो लवकर उरकतो. १७,००० कागदावरचे, कपात होऊन हातात १५,००० च्या आसपास येतील. पुण्यात कॉटबेसिसवर जागा आणि मेस मिळून ७ हजार धरा. महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसनं येणं-जाणं, मोबाइल, वरखर्च यांचे आणखी दीड-दोन हजार. घरी पोचतील सहा, फार तर साडेसहा हजार. इकडे पार्सलचे ५-६ हजार बंद होतील. बायकोच्या नाइटला मुलीजवळ कोणीतरी लागेल. आईचे डोळे अधू, वडील बोलत नाहीत, म्हणजे बाई ठेवावी लागेल आणि ती फुकट येणार नाही. बारा तास उभं राहून घराच्या गल्ल्यात भर तर पडत नाहीच, उलट हजार-दोन हजारांचा खड्डा पडतो. तुमचे आकडे यापेक्षा वेगळे असतील तर स्वतः मांडून बघा, पण मनात नको, वहीत मांडा.

हे प्रत्येक घराला लागू नाही, तेही सांगते. तीच नोकरी राहायच्या जागेसह असती, किंवा तुमच्या हातातल्या कामाची, म्हणजे मागाच्या देखभालीची असती आणि पुढं पगार वाढण्यासारखा असता, तर मी वेगळं बोलले असते. डोक्यावर बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल आणि हप्ता थकत असेल, तर गणित बदलतं. राहतं घर वडिलांच्या नावावर आहे की भाड्याचं, चूल एकत्र आहे की वेगळी, यानंही फरक पडतो. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमच्या बायकोला काय हवंय, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. त्याकडे मी पुढं येते.

आता मानाबद्दल. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या वडिलांचा राग समजून घेतल्याशिवाय तुम्हाला त्यांच्याशी बोलता येणार नाही.

सोलापुरात बाईच्या कमाईवर घर चालणं नवीन नाही. १८७० च्या दशकात जुनी गिरणी आली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि मग यंत्रमाग घातले. माग पुरुषाचा. कांड्या भरणं, चादरीच्या दशांना गाठी मारणं, टॉवेलच्या कडा शिवणं बाईचं. आणि जिथं पुरुष मागावर होता तिथं बहुतेक वेळा उंबऱ्यात बसून बाई विड्या वळत होती. पान भिजवायचं, पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, कट्टे करून कारखान्यात नेऊन द्यायचे. तपासणारा पुरुष त्यातल्या काही नापास करणार, त्याची मजुरी नाही. मुलगी बघायला गेल्यावर तिला विड्या वळता येतात का हे विचारलं जायचं. मुलीचा विडी कारखान्यातला नंबर म्हणजे घरात येणारा कायमचा पैसा होता. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, मंदीत माग थांबले, तेव्हा किती घरं त्या हजार विड्यांच्या मजुरीवर तगली हे पूर्व भागात कोणालाही विचारा. तुमचंही घर त्यांतलंच असावं. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या त्या हौस म्हणून नाहीत.

मग वडिलांना सुनेच्या पगाराची इतकी चीड का? माझ्या अनुभवात याचं उत्तर असं आहे: तुमच्या आईच्या कमाईवर पडदा होता आणि तुमच्या बायकोच्या कमाईवर तो नाही. आई घरात बसून कमवायची. शेजारणींशी बोलत, डाळ शिजत असताना, लेकराला मांडीवर घेऊन. बघणाऱ्याला ते रिकाम्या वेळेतलं काम वाटायचं, जरी ते रोजचे आठ-दहा तास असले तरी. आठवड्याचे पैसे ती आणून नवऱ्याच्या हातात द्यायची किंवा डब्यात टाकायची. वाण्याकडे खातं नवऱ्याच्या नावानं. "घर कोण चालवतं?" असं कोणी विचारलं तर उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर आई स्वतः द्यायची. माग बंद असलेल्या महिन्यांतही वडील घरचे कर्तेच राहिले, कारण त्यांना कर्ते ठेवायचं काम सगळं घर मिळून करत होतं.

तुमच्या घरात तसं करता येत नाही. बायको युनिफॉर्म घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून निघते. पगार तिच्या खात्यात जमा होतो. आणि दुपारी बालवाडीच्या दारात आयांच्या घोळक्यात तुम्ही उभे असता. कमाईचं पारडं वडिलांच्या काळातही इकडेतिकडे झुकत होतं, फक्त ते कोणाला दिसत नव्हतं. आता दिसतं. तुमच्या वडिलांना लाज वाटते ती या दिसण्याची, आणि मला वाटतं तुम्हालाही त्याचीच वाटते. पुण्याला जाणं म्हणजे त्या दारातून नाहीसं होणं. मनाला ते सुटका वाटणार, यात नवल नाही.

भाकऱ्या थापण्यानं पुरुषपण जातं का, हा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाही, पण तो मला ओळीओळीत दिसतो. विडीचंच बघा. आपल्याकडे ते बाईचं काम. केरळात कण्णूरला ते पुरुषांचं काम होतं. १९६९ मध्ये तिथं दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. ओळीनं बसून पुरुष विड्या वळायचे आणि एकजण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पान तेच, तंबाखू तोच, बोटांची चलाखी तीच. मागाचंही तसंच. आपल्याकडे मागावर बाई बसली तर लोक वळून बघतील. पण २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. आसाममध्ये, मणिपूरमध्ये घरचा माग बाईचाच असतो. इतकं लांब कशाला, आपल्या लग्नांत पाचशे माणसांचा स्वयंपाक आचारी करतो, खानावळीत भट्टीसमोर पुरुष उभा असतो. त्याला कोणी हसत नाही. पैसे घेऊन, परक्यांसाठी केलं की ती कारागिरी होते. बायको नाइटवरून येईल म्हणून केलं की त्याच भाकरीला लोक हसतात. म्हणजे हरकत कामाला नाही. बायकोसाठी केलं, याला हरकत आहे.

हे सगळं मी तुमच्यासाठी लिहिलंय. वडिलांना ऐकवण्यासाठी नाही. कण्णूर आणि आसाम त्यांच्यासमोर काढलंत तर तुम्ही वाद जिंकाल आणि बोलणं आणखी वर्षभर बंद राहील. मुलानं बापाला ज्ञान शिकवणं हा त्यांच्या पिढीला दुसरा अपमान असतो.

त्यांच्याशी एकट्यानं बोला. घरात नको, आईसमोर नको, बायकोसमोर तर नकोच. त्या पिढीचे पुरुष समोरासमोर बसून मनातलं सांगत नाहीत. शेजारी शेजारी चालताना सांगतात. सकाळी ते फिरायला किंवा देवळात जात असतील तर सोबत जा. मंडपातला विषय काढू नका. त्यांना विचारा, "माग बंद असायचा तेव्हा तुमचे दिवस कसे जायचे?" आणि मग ऐका. "तेव्हा आईनंच घर चालवलं ना" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ते स्वतःहून तिथपर्यंत येतात. लगेच येत नाहीत, पण येतात. माझ्याकडे आलेले असे कितीतरी म्हातारे शेवटी बोलले ते एकाच सुरात: मला काम नव्हतं तेव्हा कोणी विचारलं नाही, पोराच्या वाट्याला तेच येऊ नये. टोमणा हीच त्यांच्याकडची काळजीची भाषा असते. ती वाईट भाषा आहे, तिनं जखम होते, हे खरंच. पण आत काय आहे हे कळलं की तुम्हाला उत्तर देणं सोपं जातं.

नंतर, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, एकच गोष्ट मागा: "घरात मला काय बोलायचं ते बोला, चारचौघांत नको." तुमच्या कामाला त्यांनी मान्यता द्यावी, असं आत्ता मागू नका. एवढीच मर्यादा मागा. ही मागणी त्यांना समजते, कारण चारचौघांत मान राखण्यावरच त्यांनी आयुष्य काढलंय.

ते माळकरी आहेत, म्हणून एक सांगते. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर दळायला बसतो, शेण्या वेचतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तुमच्या वडिलांनी हे शेकडो वेळा ऐकलं असेल, कदाचित टाळ वाजवत म्हटलंही असेल. काही वारकरी आजोबांना मी फक्त विचारलंय, "देव दळायला का बसला असेल?" आणि गप्प राहिलेय. ज्यांना स्वतःला उमगलं ते मवाळ झाले. ज्यांच्या मुलांनी तेच त्यांना सुनावलं ते अधिक ताठले. तुम्ही तर सुनावूच नका.

आता तुमची बायको. तुमच्या एवढ्या लांब लिहिण्यात ती दोनदा येते, एकदा तिच्या पगारासाठी आणि एकदा तुमच्या रागासाठी. ती काय म्हणते, तिला झोप मिळते का, तिला तुम्ही पुण्याला जायला हवंय का, यातलं काहीच नाही.

बाईकडून काय अपेक्षा असतात हे तुम्हाला माहीत आहे, पण कमावत्या बाईवर त्या कशा दुप्पट होतात याकडे बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मुळात पुरुषांतले फक्त चौथा हिस्सा लोक दिवसभरात असं काही करत होते. तुम्ही त्या चौथ्या हिश्शात आहात, हे चांगलंच. पण जिथं बाईचा पगार मोठा असतो तिथं मला एक गोष्ट हमखास दिसते: नवऱ्याचा मान सांभाळण्यासाठी ती घरात जास्त वाकते. रात्रभर वॉर्डात पळून आलेली बाई सासऱ्यांसमोर मुद्दाम लाटणं हातात घेते. एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात ठेवते. पाहुण्यांसमोर "यांना विचारून सांगते" म्हणते, जरी निर्णय तिचाच असला तरी. तुमच्या आईनं घातलेला पडदा ती उरलासुरला धरून उभी असते. आणि मग नातेवाईक कौतुक करतात, "कमावती असून माज नाही हो." या कौतुकानं तिचे हात बांधले जातात, कारण ज्या दिवशी ती दमून पडून राहील त्या दिवशी तो माज ठरतो.

तिला शांतपणे एक प्रश्न विचारा: "मी घरी असतो याचा तुला त्रास होतो, की मी त्यावरून कुढत असतो याचा?" माझ्यासमोर हा प्रश्न जितक्या बायकांना विचारला गेला त्यांतल्या बहुतेकींनी दुसरं सांगितलं. पहिलं सांगणाऱ्याही असतात, आणि तुमची बायको तसं म्हणाली तर तेही ऐकून घ्या. तिच्यावरही तिच्या माहेरचे चारचौघे आहेत. "नवरा काय करतो?" हे तिला ड्यूटीवर रोज विचारलं जात असेल.

आणखी एक. घरातली कामं घ्याल ती पूर्ण घ्या. स्वयंपाक तुमचा, पण डाळ संपली हे तिनं सांगायचं. मुलीला बालवाडीला तुम्ही सोडायचं, पण लसीची तारीख तिनं लक्षात ठेवायची, असं असेल तर अर्धं ओझं अजून तिच्याच डोक्यावर आहे. पूर्ण घेतलेल्या कामाचा एक फायदा तुमचाही: त्यात तुम्हाला विचारावं लागत नाही, त्यात तुम्ही जाणकार असता. जॉबरला माग थांबला की आवाजावरून दोष कळतो. घराचंही तसं ज्ञान येतं, आणि ते आलं की माणूस कमी लाजतो.

रागाबद्दल मी स्पष्ट बोलणार. मंडपात वडिलांना उत्तर देता आलं नाही, मित्रांना देता आलं नाही, म्हणून तो घरात जिथं उत्तर देता येतं तिथं बाहेर पडतो. वरून आलेलं खाली जातं. याचं कारण मला समजतं, पण कारण समजलं म्हणून ते चालवून घेता येत नाही. अजून हात उचलला नसेल, असं तुमच्या लिहिण्यावरून मी धरते. उचललात तर तो गुन्हा आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला संरक्षण आहे. शिवीगाळ, धमकी, पैसे अडवणं हेही त्या कायद्यात येतं. डोकं फिरायला लागलं की खोलीतून बाहेर पडा, पण तिला सांगून, "अर्ध्या तासात येतो" म्हणून. न सांगता निघून जाणं हेही भांडणच असतं. परत आल्यावर विषय तिथूनच पुढं न्या. आणि दारू त्या अर्ध्या तासात नको, अजिबात.

झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, आपण नसलो तर बरं असं मनात येत असेल, तर माझ्यासारखीचं उत्तर वाचत बसू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालतो आणि फुकट आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत आत्महत्या केलेल्या दर दहा माणसांत सात पुरुष होते. पुरुषानं रडायचं नाही, सांगायचं नाही, एकट्यानं पेलायचं, या शिकवणीचा त्यात मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही सिद्धेश्वराची यात्रा पाहिली असणारच. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच, जड काठ्या, निघतात, पांढरी बाराबंदी घातलेले ताकदीचे लोक ते पेलतात, पण कोणताही ध्वज एकट्याच्या भरवशावर अख्खी वाट चालत नाही. आजूबाजूला माणसं असतात, दुसरा पुढं येऊन भार घेतो. त्या मांडणीत कोणाचंही पुरुषपण कमी होत नाही. भार उचलण्याची, टिकून राहण्याची जी धमक लहानपणापासून तुम्हाला शिकवली गेली ती टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती चांगली आहे. फक्त तिच्यासोबत खांदेपालटही शिकवायला हवी होती.

मित्रांचं लवकर सांगते. एक वाक्य ठरवा आणि तेच वापरा: "सध्या घर मी बघतो, ती नोकरी बघते, संध्याकाळी मी पार्सलचं काम करतो." पुढं खुलासा नको, सफाई नको. खुलासा द्यायला लागलात की ऐकणाऱ्याला वाटतं दोष आहे. आणि हे चारचौघे नक्की कोण, त्यांची नावं कागदावर लिहा. तीन-चार निघतात. त्यातल्या कोणाच्या मताला तुम्ही खरोखर किंमत देता ते बघा.

इथवरचं जुळवून घेऊ. पैशाच्या हिशेबात पुण्याची ही नोकरी बसत नाही. मानाच्या प्रश्नाला ती नोकरी पुरणार नाही, कारण तो तुमच्या आणि वडिलांच्या बोलण्यात अडकलाय. रागाला तर ती मारकच; दूर एकटं राहून तो कमी होत नाही.

एका माणसाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतकी बदलून. नोकरी गेल्याचं त्यानं घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि संभाजी तलावाच्या काठी बसून संध्याकाळी परत यायचा. कित्येक महिने. नंतर कळलं की बायकोला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. तरी ती डबा भरून देत होती, कारण त्याचा मान तिला मोडायचा नव्हता. दोघं एकमेकांचा मान सांभाळत राहिले आणि दरम्यान सावकाराचं व्याज वाढत गेलं. तो पुढं केवळ तोंड दाखवायचं नाही म्हणून पुण्याला गेला, आणि वर्षभरात कर्ज वाढवून परतला. उलट दुसरा एक जण बायकोशी बोलून, सहा महिन्यांची मुदत ठरवून, आपल्याच कामाची नोकरी बघून गेला. त्याचं जमलं, पुढं तो कुटुंबालाही घेऊन गेला. गाव एकच, गाडी एकच. फरक इतकाच की दुसरा कशासाठी जातोय हे त्यालाही आणि त्याच्या बायकोलाही ठाऊक होतं.

आता प्रत्यक्ष करायचं ते. पुण्याच्या कंत्राटदाराला आज होकार देऊ नका. पंधरा दिवस मागा. गार्डच्या नोकऱ्या पुन्हा निघतात. त्या पंधरा दिवसांत बायकोशी बोला आणि वडिलांसोबत निदान एकदा चालून या. सोलापुरातच तुमच्या हातच्या कामाची चौकशी करा: टॉवेल-चादरीचे चालू कारखाने आणि शालेय गणवेश शिवणारे गारमेंटवाले, ज्यांना मशिनची देखभाल करणारा माणूस लागतो. बालवाडीच्या वेळेत बसेल अशी पाळी मिळाली तर उत्तम, नाही तर बायकोच्या नाइटचं वेळापत्रक आधी मिळेल का हे तिला हॉस्पिटलात विचारू द्या.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, म्हणून विचारते: कारखाना बंद झाला तेव्हा ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकानं द्यायची रक्कम, मिळाली का? सलग पाच वर्षांहून जास्त काम केलेल्याला ती देणं लागतं. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा १३,००० असेल, तर त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि वर्षांच्या संख्येनं गुणायचं. आठ वर्षांचे ६०,००० होतात. अर्ज करायला उशीर झाला, एवढ्यावरून हक्क बुडत नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, जे काही हाताशी असेल ते घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. मालकाला लेखी अर्ज आधी द्या आणि त्याची पोच घ्या. सोबत काम केलेले आणखी काही जण नक्की अडकलेले असतील, त्यांना घेऊन जा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात किती शिल्लक आहे तेही बघून या, पण लगेच काढू नका. आधी ग्रॅच्युइटीचं काय होतं ते कळू द्या.